कोंबडीचं मत

पहिली कोंबडी ‘नाही’ म्हणाली तेव्हा टिपणीस साहेबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि मला मराठीत विचारलं, “सुरवसे, एका कोंबडीच्या मतावर निष्कर्ष कसा काढायचा?”

मी म्हटलं, “सर, तेही मेलेल्या कोंबडीच्या.”

“मेलेली की जिवंत हा मुद्दा नाही. नमुना लहान आहे. यांना सांग, आणखी कोंबड्या लागतील. निदान दोन आकडी.”

मी गावाला तसं सांगितलं. अख्खं गाव मोठ्या घरात चटयांवर गोल करून बसलं होतं. आपण बरोबर ऐकलं ना, असं लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघून खात्री करून घेत होते. मग मागच्या बाजूला बसलेली एंदे बिबियाना उठली, लुंगीची गाठ आवळली आणि म्हणाली, “मी मोठं पातेलं घेऊन येते.”

ही गोष्ट इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरची आहे. तिला आता बरीच वर्षं झाली. बेट म्हटलं की आपल्याकडे लोकांना समुद्र, नारळ आणि वाळूत पालथी पडलेली गोरी माणसं आठवतात. गोलो तेंदा हे गाव बेटाच्या पार पोटात, डोंगरांच्या घड्यांमध्ये होतं. तिथून समुद्र दिसायचा नाही. गावातल्या निम्म्या माणसांनी तो कधी पाहिलाच नव्हता, आणि ज्यांनी पाहिला होता त्यांचं त्याच्याविषयी मत वाईट होतं. एवढं पाणी, आणि भाताला उपयोग शून्य.

मी तिथे एका संस्थेतर्फे गेलो होतो. संस्था पुण्याची. नाव सांगत नाही, माझे दोन मित्र अजून तिथे चिकटून आहेत. डॉ. हेरंब टिपणीस हे माझे साहेब. ते चौकोनी शेताचे तज्ज्ञ होते. शेत चौकोनी असण्यात तज्ज्ञ होण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मुलाखतीत मी ते बोललो नाही, म्हणून माझी निवड झाली. दुसरं कारण म्हणजे मी अकलूजचा, साखर कारखान्याच्या वळणातला, आणि त्याच वळणाने एक वर्ष जावा बेटावरच्या एका कारखान्यात काढून आलेला. त्यामुळे मला तिकडची भाषा येत होती. साहेबांना येत नव्हती. ज्ञान त्यांचं आणि तोंड माझं, अशी आमची वाटणी होती.

मी अजून तात्पुरता होतो. विमानातच साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं, “सुरवसे, हे शेत चौकोनी झालं की तू कायम. नाही झालं, तर मग मला काही करता येणार नाही.” मला काही करता येणार नाही म्हणजे अकलूजला जाऊन मामाच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा विचारायचा. मामा मला भाचा म्हणून नव्हे, डिस्प्ले म्हणून ठेवणार होता. बी.एस्सी. ॲग्री झालेला पोरगा काउंटरवर बसलेला बरा दिसतो, असं तो आईला म्हणाला होता.

गोलो तेंदाचं शेत गोल होतं. म्हणजे गावाचं सगळं मिळून एकच शेत, कोळ्याच्या जाळ्यासारखं. मधोमध टेकाडाच्या माथ्यावर एक लाकडी खुंट. त्या खुंटापासून चहूबाजूंनी सरळ बांध सुटलेले, आणि दोन बांधांच्या मध्ये एकेका घराची फाक; आत टोकदार, बाहेर रुंद, कलिंगडाच्या फोडीसारखी. वरचं टोक सगळ्यांचं खडकाळ. मधला पट्टा काळा, कसदार. खालची कड पाणथळ. साहेबांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना खरोखर शारीरिक त्रास झाला. ते बांधावर खाली बसले आणि पाणी मागितलं.

“टोकाला यंत्र वळणार कसं?” ते मला म्हणाले. “विचार यांना.”

मी एमा कनिसियुसला विचारलं. एमा म्हणजे बाबा. वयाने मोठ्या सगळ्याच पुरुषांना तिकडे एमा म्हणतात आणि बायकांना एंदे, म्हणजे आई. हे एमा कनिसियुस शेताचे कारभारी. कुणाला केवढी फाक, पेरणी कधी, भांडण कुणाचं खरं, हे सगळं तेच ठरवायचे. बारीक अंगाचा, तोंडात कायम विडा असलेला म्हातारा. माझं म्हणणं त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमच्याकडे यंत्र नाही.”

मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “म्हणूनच!”

हे मला पोचवता येईना. मी एमांना एवढंच म्हटलं, “साहेब म्हणतात, म्हणूनच.”

एमांनी मान डोलावली. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “नाना, तुझे साहेब फार शिकलेले दिसतात.”

हो, मला ते नाना म्हणायचे. तिकडे तरण्या पोराला नाना म्हणतात. चोविसाव्या वर्षी मला अख्खं गाव, अगदी ओठावर दूध असलेली पोरंसुद्धा, नाना म्हणत होतं. मी मनातल्या मनात धोतर नेसून वावरत होतो.

संस्थेचा एक नियम मात्र कडक होता. लोकांच्या सहभागाशिवाय काहीही करायचं नाही. म्हणजे आपण जे ठरवून आलो आहोत ते लोकांना स्वतःहून हवंसं वाटलं पाहिजे. त्यासाठी साहेबांनी मोठ्या घरात सभा घेतली. रंगीत नकाशा लावला. गोल पुसून त्याजागी चौकोन, प्रत्येक घराला एक, सगळे सारख्या आकाराचे. कुणाला कुठला चौकोन हे संगणकाने सोडतीने काढलेलं, म्हणजे पक्षपाताला जागा नाही. गावाने नकाशा पाहिला. सगळे म्हणाले, “बागुस.” बागुस म्हणजे छान. साहेबांनी विचारलं, काही शंका? सगळे म्हणाले, बागुस. उद्यापासून खुंट्या मारू या का? बागुस. साहेब माझ्या कानात म्हणाले, “एवढा समंजस समाज मी महाराष्ट्रात पाहिला नाही.”

तेवढ्यात एमा कनिसियुस विडा थुंकून म्हणाले, “फक्त एकदा विचारून घेऊ.”

“कुणाला?”

“पूर्वजांना. शेत त्यांचं आहे. आम्ही नुसते राबतो.”

विचारायची पद्धत अशी. कोंबडी हातात धरायची. तिच्या कानाशी पूर्वजांची नावं घेऊन सगळा प्रश्न सविस्तर सांगायचा. मग ती कापायची, पिसं भाजायची आणि पोट उघडायचं. आतड्याच्या शेवटाकडे दोन फाटे असतात, करंगळीएवढे. डावा फाटा विचारणाऱ्याचा, उजवा घरच्यांचा. दोन्ही सारखे निघाले तर होकार. एक आखूड निघाला तर नकार. वाचणारे अर्थातच एमा. त्यांनी अंगठ्याने आणि बोटाने आतडं ओढून पुढ्यात धरलं, उजेडाकडे केलं, आणि फार वाईट वाटल्यासारखा चेहरा करून म्हणाले, “नाही म्हणतात.”

आणि टिपणीस साहेबांनी आणखी कोंबड्या मागितल्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू झाला. प्रयोग म्हणजे एकदम शास्त्रीय. साहेबांनी कोंबड्यांच्या पायात रंगीत फिती बांधल्या. खर्च संस्थेचा, ‘प्रयोगशाळा साहित्य’ या सदराखाली. शेजारच्या गावांपर्यंत बातमी गेली की गोलो तेंदात एक परदेशी माणूस कोंबड्या विकत घेतो, मारतो, आत बघतो आणि गावाला खायला देतो. लोक बघायला यायला लागले. येताना कोंबडी घेऊन यायचे आणि जाताना ढेकर देऊन जायचे.

पहिल्या तुकडीतल्या सगळ्या कोंबड्या नाही म्हणाल्या. साहेब बेचैन झाले, पण शास्त्रज्ञ माणूस. त्यांनी प्रश्न उलटा करायला लावला. “शेत गोलच ठेवावं का?” असं विचारलेल्या कोंबडीने हो म्हटलं. दोन्ही फाटे जुळ्या भावांसारखे. मग साहेबांनी मला बाजूला घेतलं. “आता एक अशी कोंबडी दे, जिला काहीच विचारलेलं नाही. त्यांना सांगू नकोस.”

मी आतून एक कोंबडी आणली. एमांना वाटलं, हिलाही आत कुणीतरी पहिलाच प्रश्न विचारलाय. त्यांनी आतडं ओढलं, बघितलं, उसासा टाकला. “नाही म्हणतात.”

“पकडलं!” साहेब उभे राहून ओरडले. “हिला आपण काहीही विचारलेलं नाही! आणि तरी ही नाही म्हणते! सांग त्यांना, सुरवसे!”

मी सांगितलं. एमांनी आतड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विडा या गालातून त्या गालात घेतला. पातेल्याजवळून एंदे बिबियाना म्हणाली, “काही न विचारता नाही म्हणणारी कोंबडी? ही तर माझी सासू.”

लोक हसून लोळले. साहेब मला म्हणाले, “काय म्हणाली?”

“सर, त्या म्हणतात निष्कर्ष लक्षवेधी आहे.”

“आहेच,” साहेब म्हणाले. “वाचणाऱ्याच्या मनात पूर्वग्रह आहे. आता प्रश्न वाचणाऱ्याला कळताच कामा नये.”

म्हणून पुढच्या तुकडीला प्रश्न स्वतः साहेबांनी विचारला. एमांना आडोशाला बसवलं, आणि टिपणीस साहेब, शेतरचनेतले डॉक्टर, उकिडवे बसून एकेका कोंबडीच्या कानात मराठीत कुजबुजायला लागले. मला जवळ उभं केलं होतं, साक्षीदार म्हणून. त्यामुळे मी ते ऐकलंय. “बाई गं, शेत चौकोनी व्हावं असं तुला वाटतं का? विचार करून सांग. दबाव नाही.” एका तपकिरी कोंबडीशी तर ते इतका वेळ बोलले की ती झोपली.

गावाने हरकत घेतली. पूर्वजांना मराठी येत नाही. साहेब म्हणाले, “पूर्वज अशरीरी आहेत. त्यांना भाषेची अडचण नसते.” हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा म्हाताऱ्या मंडळींनी आपसात बराच खल केला आणि मुद्दा मान्य केला. उलट साहेबांविषयी त्यांचा आदर वाढला.

पण त्या तुकडीत गंमत झाली. एमांनी पहिली कोंबडी वाचली. “काही कळत नाही.” दुसरी वाचली. “हीसुद्धा घोटाळ्यात आहे.” तिसरीला म्हणाले, “पूर्वज विचारतायत, हा माणूस काय बोलतोय?” एकाही कोंबडीने धड उत्तर दिलं नाही. साहेबांचा चेहरा लग्नातल्या वरबापासारखा फुलला.

“बघ! प्रश्न माहीत नाही तर उत्तर नाही! म्हणजे उत्तर कोंबडीत नाही, या माणसात आहे!”

मी म्हटलं, “सर, मग आपण कोंबड्या का मारतोय?”

“सुरवसे,” साहेब शांतपणे म्हणाले, “तू अजून तात्पुरता आहेस.”

संध्याकाळी एंदे बिबियाना मला शेतावर घेऊन गेली. ती विधवा, पोरी लग्न होऊन दूर गेलेल्या. एकटीने फाक कसायची, आणि तिच्याशी बोलायला गडीमाणसं दचकायची. आम्ही बांधाबांधाने टेकाडाच्या माथ्यावर चढलो. तिथे साहेबांच्या खुंट्या आणि भगवा दोर लावून तयार होते. होकार आला की पेरणीआधी बांध मोडायचे, बस. खुंटाच्या भोवताली सगळा खडक. त्याच्यावर दोराने आखलेला एक चौकोन.

“हा माझा,” ती म्हणाली.

“हो. संगणकाने काढला. सगळ्यांना सारखी जागा आहे, एंदे. मोजून.”

“हो ना. मोजलेली आहे.” तिने खाली वाकून खडकावर टकटक केलं. “माझ्या शेजारणीला, फिलोमेनाला, खालचं पाणी आलं, तेही मोजून. तिचा नवरा आत्ताच मासे सोडायचं म्हणतोय. मला सांग नाना, तू शेतीचं शिकलायस. इथे काय पेरू?”

मी पिशवीतला नकाशा काढला. तिथे तिच्या चौकोनाला सुंदर हिरवा रंग दिला होता. “सर म्हणतात इथे माती आणून टाकता येईल.”

“कुठून?”

“...खालून.”

“म्हणजे फिलोमेनाकडून. ती देईल का?”

“नाही.”

“बघ, तुलाही कळतं.” ती खडकावर बसली. “आत्ता वरचं दगडाचं टोक सगळ्यांचंय. मधली माती सगळ्यांचीय. खालचा चिखल सगळ्यांचाय. दुष्काळ आला तर चिखलातलं खातो, पूर आला तर मधलं खातो. उपाशी राहायचं तर सगळे मिळून राहतो. तुझ्या चौकोनात मी एकटी उपाशी राहणार, आणि फिलोमेना मासे खाणार. आणि ती मासे किती वाईट करते माहितेय? कोरडे ठाक.”

“मग सभेत बोलला का नाहीत? सगळे नुसतं बागुस बागुस.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण ताटात हात धुणाऱ्या पाहुण्याकडे बघतो. “पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं? एवढ्या लांबून आलेल्या माणसाला? आम्ही काय जनावरं आहोत?”

“मग?”

“मग काय. कोंबडी म्हणेल.” ती उठली, लुंगी झटकली. “आणि तुझ्या साहेबांना सांग, माझ्या चौकोनात त्यांना पेरलं तरी ते उगवायचे नाहीत.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी शेवटचा डाव टाकला. सभेत ते म्हणाले, एकच कोंबडी. प्रश्न उघड, सगळ्यांसमोर, गावाच्याच भाषेत. पण वाचणारा निःपक्ष हवा. ज्याची या शेतात फाक नाही, चौकोन नाही, ज्याला काडीचा फायदा नाही. उत्तर येईल ते दोन्ही बाजूंनी मानायचं. होकार आला तर त्याच दिवशी बांध मोडायचे. नकार आला तर आम्ही खुंट्या उपटून जाऊ.

“असा माणूस कोण आहे?” एमांनी विचारलं.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ज्याला काडीचा फायदा नाही असा माणूस म्हणून मी उभा राहिलो. अकलूजच्या काउंटरवरची प्लास्टिकची खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली. मला वाटलं, आता एमा भडकतील, हा कालचा पोर, परका, याला आमच्या पूर्वजांच्या आतड्यात हात घालू देणार नाही म्हणतील. पण ते म्हणाले, “बागुस. नानाला मी शिकवतो. दुपारपर्यंत तयार होईल.”

मला खुंटाशेजारी बसवून त्यांनी शिकवलं. आतडं कुठून धरायचं, फाटे कसे मोकळे करायचे, उजेड कुठल्या बाजूने घ्यायचा. “ओढताना अंगठा असा,” ते म्हणाले. “फार नाजूक असतं. जपून.” तेवढंच. डावा, उजवा, सारखे, आखूड. मला वाटलं होतं गूढ विद्या असेल. आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकापेक्षा सोपं निघालं.

उन्हं कलती झाली आणि मोठ्या घरासमोरच्या अंगणात सगळे जमले. शेजारच्या गावांतलेही आले, आधीच केळीची पानं घेऊन. एमांनी लाल कोंबडी धरली, तिच्या कानाशी पूर्वजांची नावं घेतली. नावं संपेचनात. मग प्रश्न सांगितला, अगदी प्रामाणिकपणे, साहेबांची बाजूसुद्धा नीट मांडून; यंत्र वळत नाही हेही सांगितलं. मी साहेबांना शब्द न् शब्द भाषांतर करून दिला. साहेबांनी समाधानाने मान हलवली. मग कोंबडी कापली, भाजली, पोट उघडलं, आणि ताट माझ्या पुढ्यात आलं.

मी हात घातला. गरम होतं. शिकवल्याप्रमाणे आतडं धरलं, हळूहळू बाहेर घेतलं, उजेडाकडे केलं आणि फाटे मोकळे केले.

दोन्ही सारखे होते.

जवळपास सारखे, थोडेसे सारखे, असं काही नाही. एकाच साच्यातून काढल्यासारखे. साहेबांच्या उलट्या प्रश्नाला जसे निघाले होते, तसेच. होकार. माझी नोकरी, पेन्शन, पुण्यातलं घर, सगळं माझ्या तळहातावर लिबलिबत होतं. साहेब माझ्या डाव्या हाताला उभे होते, त्यांना माझ्या बोटांमुळे दिसत नव्हतं. एमा समोर बसले होते. त्यांना सगळं दिसत होतं. ते दूर डोंगराकडे बघत होते, जणू तिकडून कुणी नातेवाईक यायचे आहेत.

“काय म्हणतात, नाना?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“थांबा,” मी म्हणालो. मी नीट बघण्यासाठी आतडं जरा वर उचललं. अंगठा सरकला. फट् असा बारीक आवाज झाला. मला ऐकू आला. आणखी कुणाला आला का, माहीत नाही.

डावा फाटा अर्धाच राहिला होता.

“नाही म्हणतात,” मी म्हणालो.

आधी माझा स्वतःचाच विश्वास बसला नाही. साहेब पुढे झाले, भिंग काढलं, ताटावर ओणवे झाले. बराच वेळ बघत राहिले. “सुरवसे, हा तुझ्या हातून तुटला का?”

“सर, आतडं आहे,” मी म्हणालो. “नाजूक असतं.”

“पण तुटला का?”

“सर, मला फायदा काय?”

हा प्रश्न ऐकून साहेब सरळ उभे राहिले. माझ्याइतका होकाराचा फायदा त्या अंगणात कुणालाच नव्हता, आणि ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. शास्त्रज्ञ माणूस, त्यांच्या लेखी मी आता जगातला सगळ्यात विश्वासू वाचक होतो. त्यांनी भिंग खिशात टाकलं आणि गावाकडे वळून मोठ्याने म्हणाले, “बागुस.” त्यांना येणारा तो एकच शब्द होता.

एंदे बिबियानाने माझ्या हातातून ताट घेतलं. “हात धू,” ती म्हणाली, आणि कोंबडी पातेल्यात गेली.

जीप येईपर्यंत साहेब वहीत काहीतरी लिहीत बसले. मी मनाशी मामाचं वाक्य पाठ करत होतो: या, बसा, चहा घेणार का. मग जीपच्या पायरीवर पाय ठेवून ते अचानक वळले. त्यांचे डोळे चमकत होते.

“सुरवसे, तुला कळतंय का काय झालं ते? होकार आला असता तर काम संपलं असतं. एक अहवाल, एक फोटो, खलास. पण नकार आलाय. अत्यंत विश्वासार्ह नकार! आता नकार का आला याचा अभ्यास करावा लागेल. निदान तीन वर्षांचा. मी आजच पुण्याला कळवतो.”

“आणि सर, मी?”

“तू इथेच राहायचंस. आपल्या संस्थेत आतडं वाचायचं प्रशिक्षण घेतलेला दुसरा माणूस आहे का? तुला कायम करून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.” त्यांनी माझा हात हातात घेतला, काहीतरी आठवून पटकन सोडला आणि पँटला पुसला. “फार जबाबदारीचं काम आहे. नीट कर.”

अशा रीतीने शेत चौकोनी न झाल्यामुळे मी कायम झालो. जीप गेली. गावाने त्याच दिवशी खुंट्या उपटल्या. भगवा दोर फार चांगल्या प्रतीचा होता. पुढे तीन वर्षं मी गावातल्या सगळ्या म्हशी त्या दोराने बांधलेल्या पाहिल्या.

पेरणीच्या दिवशी मी एमा कनिसियुसच्या मागोमाग टेकाडावर चढलो. सगळ्या घरांची माणसं खुंटाभोवती खडकावर दाटीवाटीने उभी होती. तिथून पाठीला पाठ लावून, एकेकाने आपापल्या फाकेत, खाली खाली पेरत जायचं. माझ्या पोटात ती गोष्ट मावत नव्हती. मी एमांना थोडं बाजूला घेतलं.

“एमा, त्या दिवशीचं. ते फाटे... सारखे होते.”

“हो,” एमा म्हणाले. “मी पाहिलं.”

“माझा अंगठा सरकला. पूर्वज हो म्हणत होते.”

“ते हो म्हणतातच.” त्यांनी कमरेची सुपारीची पिशवी सोडली. “फार भिडस्त आहेत आमचे पूर्वज. लांबून आलेल्या माणसाला त्यांच्याने नाही म्हणवत नाही. मिशनरी आला, हो म्हणाले. सरकारचा माणूस आला, हो म्हणाले. मग कुणीतरी त्यांना मदत करावी लागते.” त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि माझ्या हाताकडे बघितलं. “मला शिकायला किती पावसाळे गेले, नाना. सुरुवातीला तर मी अख्खं आतडंच तोडून बसायचो, लोक हसायचे. आणि तू पहिल्याच कोंबडीला! तसा जरा जोर जास्त लावलास. आवाज झाला.”

“एमा, खरंच सांगतो,” मी म्हणालो, “तो अपघात होता.”

“हो ना,” एमा कनिसियुस म्हणाले. “माझाही दर वेळी अपघातच होतो.”